सुईविना रक्तपरीक्षा आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात सूर्यमाळ येथे दिलेले व्याख्यान)



अशा प्रसंगी ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर अथवा ज्ञातीतील एखाद्या कर्त्या पुरुषाच्या चरित्रावर बोलण्याचा प्रघात आहे. तो मोडण्याचा आमचा हेतू नाही. आम्हीही आज चरित्रच सांगणार आहोत. मात्र ज्या तरुणांचे हे चरित्र, ते कोणत्या ज्ञातीचे याची चौकशी आम्ही केलेली नाही आणि ती करण्याचे कारणही आम्हांस वाटले नाही. ज्या कामाचा उपयोग आपल्या लेकीसुनांस होणार, ते काम करणारा आपलाच, एवढे नाते आम्हांस पुरेसे आहे.

विषय आहे वैद्यकीय उपकरणे निर्माण करणाऱ्या एका तरुण मंडळीचा. शरीरशास्त्र आणि यंत्रशास्त्र यांच्या संगमातून जी विद्या निर्माण झाली, तिला जैववैद्यकीय अभियांत्रिकी असे नाव आहे. नाव लांबलचक असले तरी वस्तू आपल्या परिचयाची आहे. छातीचा ठोका कागदावर उमटविणारे यंत्र, अपुऱ्या दिवसांच्या बालकास ऊब देणारी पेटी, पाय गमावलेल्यास चालविणारा कृत्रिम पाय, ही सारी त्याच विद्येची अपत्ये होत.

हा विषय आम्ही सूर्यमाळावर का काढला, असे कोणी विचारील. आपण जमलो आहोत तो माळ म्हणजे मोखाडे तालुक्याचा उंच माथा. येथील थंड वारा आणि पावसाळ्यातील हिरवळ पाहून पाहुणे हरखून जातात. परंतु आपल्यापैकी ज्यांची बाळपणे जव्हार-मोखाड्यात गेली, त्यांस या हिरवळीखालचा खडकही ठाऊक आहे. मुंबईच्या नळांस जे पाणी येते, त्यातील मोठा वाटा या वैतरणेच्या मुलुखाचा. मध्य वैतरणेचे धरण तर याच तालुक्यात कोचाळे येथे बांधलेले आहे. तरीही उन्हाळ्यात येथील पाड्यापाड्यांवर बायका हंडे घेऊन मैल मैल चालतात. नाचणी-वरईची कापणी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-ठाण्याकडील वीटभट्ट्यांवर उतरतात. सन १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. पाणी उतारावरून आपोआप खाली जाते. विद्या मात्र चढावर आपोआप येत नाही. ती कोणी तरी खांद्यावर घेऊन वर आणावी लागते. ज्यांनी ती आणण्याचा प्रयत्न केला, त्यांची कथा येथेच सांगणे उचित, असे आम्हांस वाटले.

कथेस आरंभ करण्यापूर्वी रोगाची ओळख करून घेऊ. रक्तक्षय, ज्यास आपले वैद्य पंडुरोग म्हणत, तो आपल्या देशातील स्त्रियांचा जुना वैरी आहे. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रात हेच प्रमाण शेकडा ५४ च्या वर आहे. म्हणजे या मंडपात बसलेल्या दोन भगिनींपैकी एकीस हा विकार असण्याचा संभव आहे. तो केवळ पाड्यावरचा नाही, तो आपल्या ओसरीवरचा आहे. पाटावर शेवटी बसणारी, उरलेसुरले खाणारी आणि थकवा आला तरी 'काही नाही, जरा दम लागला' म्हणून पुन्हा कामास लागणारी जी घरची सून, तिच्या अंगी तो गुपचूप नांदत असतो.

रक्तास तांबडा रंग देणारे आणि प्राणवायू वाहून नेणारे जे द्रव्य, ते हिमोग्लोबिन. गर्भवती स्त्रीच्या दर डेसिलिटर रक्तात ते सामान्यतः ११ ग्रॅम असावे; ७ च्या खाली गेले तर प्रकृती गंभीर समजतात. बाळंतपणात थोडाफार रक्तस्राव सर्वांनाच होतो. सुदृढ स्त्री तो सहन करते. परंतु जिच्या अंगी आधीच रक्त नाही, तिला तोच स्राव प्राणघातक ठरतो. दुर्दैवाची गोष्ट ही की, यावरील उपाय महाग नाही. लोह आणि फॉलिक आम्ल यांची गोळी सरकार गर्भवतीस रोज एक याप्रमाणे १८० दिवस विनामूल्य देते. परंतु कोणास किती तातडीने उपचार हवा, गोळी पुरेल की इस्पितळात पाठवावे लागेल, हे कळण्यासाठी आधी मोजले पाहिजे. आणि घोडे तेथेच अडते.

मोजण्याची जुनी रीत स्वित्झर्लंडचे डॉक्टर साहली यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. बोटास टोचून रक्ताचा थेंब घ्यावयाचा, नळीतील सौम्य आम्लात मिसळावयाचा, दहा मिनिटे थांबावयाचे आणि मग थेंबथेंब पाणी घालीत तपकिरी रंग शेजारच्या काचेशी जुळवावयाचा. शहरातील प्रयोगशाळेत हे ठीक. परंतु पावसाळी दिवशी, कंदिलाच्या उजेडात, चार मैल चालून आलेल्या परिचारिकेने तो रंग कसा जुळवावा? म्हणून पुष्कळदा पापणी खाली ओढून तिचा फिकेपणा पाहायचा आणि अंदाज बांधायचा, एवढ्यावरच भागत असे. त्यात सुईची भीती निराळीच. रक्त काढले की अंगातली शक्ती जाते, ही समजूत आमच्या लहानपणी घराघरांत होती आणि ती पुरती गेली आहे असे म्हणवत नाही.

आता मूळ कथा. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस मुंबईपासून फार दूर नसलेल्या पारोळ या गावी एक तरुण स्त्री बाळंतपणात दगावली. हे गाव वसई तालुक्यातले. तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून आपल्याच पालघर जिल्ह्यात. मृत्यूचे मूळ रक्तक्षयात होते आणि तो वेळीच कोणाच्या ध्यानी आला नव्हता. असे मृत्यू आपल्या मुलुखात नवे नव्हते. नवे होते ते हे की, काही सुशिक्षित तरुणांनी 'नशीब तिचे' असे म्हणून उसासा टाकला नाही, तर 'मोजण्याचे साधन का नव्हते?' असा प्रश्न विचारला.

हे तरुण म्हणजे डॉ. अभिषेक सेन, डॉ. योगेश पाटील, मिश्किन इंगवले आणि अमन मिढा. सेन आणि पाटील हे आधी वैद्यकीची पदवी घेऊन नंतर पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत जैववैद्यकीय अभियांत्रिकी शिकलेले. इंगवले अभियंते असून कलकत्त्याच्या भारतीय प्रबंध संस्थेत संशोधन केलेले. मिढा हे वस्तूंची घडण ठरविणारे रचनाकार. यांच्यापैकी कोणालाही उत्तम पगाराची नोकरी सहज मिळाली असती. डॉक्टरास दवाखान्याची पाटी लावणे कठीण नव्हते. तो सरळ रस्ता सोडून त्यांनी बायोसेन्स टेक्नॉलॉजीज नावाचा उद्योग स्थापन केला आणि एकच ध्येय समोर ठेवले: गावच्या आशाताईंस हाताळता येईल, सुई लागणार नाही आणि जागच्या जागी आकडा दाखवील, असे यंत्र.

या यंत्राचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. करोनाच्या साथीत, सन २०२० आणि २०२१ मध्ये, बोटास चिमटा लावून प्राणवायू मोजणारे उपकरण आपण सर्वांनी पाहिले. त्याची मूळ कल्पना जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांची, सन १९७४ च्या सुमाराची. चिमट्यातून तांबडा प्रकाश आणि डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश बोटातून आरपार जातो. हाड, मांस, कातडी ही स्थिर असतात. परंतु नाडीच्या प्रत्येक ठोक्यास रोहिणीत रक्ताची लाट येते आणि तेवढाच प्रकाश कमी-जास्त शोषला जातो. त्या कमी-जास्त होण्यावरून प्राणवायूचे प्रमाण कळते. या तरुणांनी पुढचा प्रश्न घातला: याच प्रकाशाने रक्तातील एकंदर हिमोग्लोबिनही का मोजू नये?

प्रश्न सोपा, उत्तर अवघड. प्राणवायूच्या बाबतीत दोन रंगांच्या शोषणाचे गुणोत्तर काढले की भागते. बोट जाड की बारीक, याचा परिणाम बव्हंशी वजा होतो. परंतु एकंदर हिमोग्लोबिन म्हटले की बोटाची जाडी, कातडीचा वर्ण, हाताची थंडी, हाताचे हलणे, हे सारे अडथळे आकड्यात शिरतात. इंगवले यांनी सन २०१२ मध्ये अमेरिकेतील टेड या प्रसिद्ध व्याख्यानमंचावरून सांगितले की, त्यांचे प्रयत्न बत्तीस वेळा फसले आणि त्यानंतरचे यंत्र चालले. त्या यंत्रास त्यांनी टचएचबी हे नाव दिले. सुई नाही, रक्ताचा थेंब नाही. बोटास चिमटा लावला की हिमोग्लोबिन, प्राणवायू आणि नाडीचे ठोके हे तिन्ही आकडे पडद्यावर दिसावेत, अशी त्याची योजना होती.

बंधुभगिनींनो, या 'बत्तीस' आकड्यावर आम्ही क्षणभर थांबणार आहोत. आपल्या घरातील मुलगा एका परीक्षेत नापास झाला तर आपण वर्षभर त्याचे तोंड पाहात नाही. मुलीचे एक स्थळ मोडले तर घरावर सुतक येते. बत्तीस वेळा फसलेल्या मुलास त्याच्या तेहतिसाव्या प्रयत्नासाठी घरात दोन वेळचे जेवण आणि एक शांत खोली देणारी कुटुंबे आपल्यात किती निघतील? शोधकाची बुद्धी देवदत्त असेल. पण त्याला फसण्याची मुभा देणे हे सर्वस्वी घरच्यांच्या हाती असते.

पुढील वर्षी, सन २०१३ मध्ये, याच मंडळींनी यूचेक नावाची दुसरी युक्ती पुढे आणली. लघवीच्या तपासणीसाठी रंगीत चौकोनांची कागदी पट्टी पूर्वीपासून मिळते. साखर, प्रथिने इत्यादींच्या प्रमाणानुसार तिचे रंग बदलतात. ते रंग डोळ्यांनी जोखताना माणसामाणसांत फरक पडतो. यांनी ते काम मोबाईलच्या कॅमेऱ्यास दिले. गर्भवतीच्या लघवीत प्रथिने दिसू लागली आणि रक्तदाब चढला, तर पुढे झटके येण्याचा धोका असतो. तेव्हा या तपासणीचे मोल आपल्या भागास सांगणे नलगे.

परंतु मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उद्योगास पत्र लिहिले. कागदी पट्ट्यांस मिळालेली परवानगी केवळ डोळ्यांनी रंग पाहण्यापुरती आहे. मोबाईलने त्या वाचावयाच्या असतील तर सबंध व्यवस्थेस निराळी परवानगी हवी, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्या प्रशासनाने मोबाईलवरील वैद्यकीय आज्ञावलींविषयी आपले धोरण जाहीर केले. आमच्या मते या पत्रात अपमान काही नाही. औषध चुकले तर एका रोग्याचे नुकसान होते. मोजण्याचे साधन चुकले तर त्यावर विसंबलेल्या हजारोंचे होते. आपल्या देशातही सन २०१७ ची वैद्यकीय उपकरण नियमावली १ जानेवारी २०१८ पासून अमलात आली आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. तेव्हा जो तरुण या वाटेने जाईल त्याने सोल्डरची कांडी जशी हाताळावी, तशीच कायद्याची पोथीही उघडावी.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. सुईविना रक्तपरीक्षेच्या यंत्रांनी जगातला रक्तक्षय मोजण्याचा प्रश्न सोडविला, असे आम्ही म्हणत नाही. या प्रश्नाच्या मागे अमेरिकेतील मोठमोठ्या कंपन्याही लागल्या होत्या. प्रकाशाने मोजलेला आकडा आणि रक्त काढून मोजलेला आकडा यांत कधी कधी बरेच अंतर पडते, हा सर्वांचाच अनुभव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सन २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही शिरेतील रक्त आणि स्वयंचलित यंत्र यांनाच प्रथम पसंती दिली आहे. सन २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी असेही दाखविले की, प्राणवायू मोजणारा साधा चिमटासुद्धा काळ्या वर्णाच्या रोग्यांत पुष्कळदा वास्तवापेक्षा अधिक आकडा दाखवितो. जी उपकरणे परक्या वर्णाच्या बोटांवर तपासली गेली, ती आपल्या बोटांवर जशीच्या तशी खरी ठरतील, हे गृहीत धरता येत नाही. यावरून आम्ही निराशेचा नव्हे, उलट आशेचा निष्कर्ष काढतो. आपल्या माणसांसाठी, आपल्या उन्हापावसात आणि आपल्या वर्णावर पारखून घेतलेली साधने आपल्याच मुलांनी घडविली पाहिजेत. काम संपलेले नाही. म्हणजेच आपल्या मुलांसाठी काम शिल्लक आहे.

आपल्या महाराष्ट्रास शोधकांची परंपरा नाही असे नाही. सन १८६७ मध्ये मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी मुद्रणाचे खिळे पाडण्याचे यंत्र शोधून विलायतेत नाव मिळविले. सर रतन टाटा यांनी त्यांस भांडवल पुरविले. तथापि त्यांच्या बुद्धीच्या मानाने व्यवहारातील यश त्यांच्या वाट्यास थोडेच आले आणि सन १९३५ मध्ये ते न्यूयॉर्क येथे निवर्तले. उलटपक्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा लोखंडी नांगर आरंभी कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही, औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि सन १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. या दोन चरित्रांतून एकच बोध निघतो. शोध एकट्याच्या डोक्यातून निघतो. उद्योग मात्र अनेकांच्या विश्वासावर उभा राहतो.

तो विश्वास आपण देणार आहोत काय, हा आजचा खरा प्रश्न आहे. आपल्याच एका कुटुंबातील मुलीने यंदा जैववैद्यकीय अभियांत्रिकी शिकण्याची इच्छा व्यक्त केली आहे. घरात चर्चा झाली: या शिक्षणास नोकरी कोठे? संगणकाकडे गेली तर पहिल्या महिन्यापासून पगार. वडिलांची काळजी अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी डोंगर उतरून कल्याण-ठाण्याच्या चाळीत संसार उभा केला, त्यांस स्थिर पगाराची किंमत आमच्यापेक्षा अधिक कळते. परंतु त्यांच्या कानावर एक गोष्ट घालावीशी वाटते. सन २०१४ पासून पवईच्या संस्थेत वैद्यकीय उपकरणांच्या निर्मितीसाठी बेटिक नावाचे केंद्र राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने सुरू झाले. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था यांचीही त्यास जोड मिळाली. तेथे डॉक्टर आणि अभियंते एका टेबलाशी बसून उपकरणे घडवितात. ही वाट पूर्वीसारखी निर्जन राहिलेली नाही.

म्हणून मंडळापुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, आपल्या विद्यानिधीतून आजवर गुणांच्या टक्केवारीवर शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्या चालू राहाव्यात, पण निधीचा काही अंश वस्तू घडविणाऱ्या मुलामुलींसाठी वेगळा काढावा. अर्जासोबत गुणपत्रिका नको. त्यांनी हाताने केलेली वस्तू, मग ती अर्धवट का असेना, समितीपुढे ठेवावी. दुसरी, अशा विद्यार्थ्यास दिलेली रक्कम पहिल्या अपयशाबरोबर थांबवू नये. किमान तीन वर्षे त्यास सांभाळावे, आणि मंडळातील डॉक्टर, वकील व हिशेबनीस यांनी त्यास आपला वेळ द्यावा. पैशापेक्षा हा वेळ महत्त्वाचा आहे.

तिसरी सूचना आमच्या भगिनींसाठी आहे. पुढील संमेलनाच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सहकार्याने या माळावर हिमोग्लोबिन तपासणी ठेवावी. ती केवळ ज्ञातीपुरती नसावी. ज्या वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा आणि महादेव कोळी बांधवांच्या शेजारात आपण पिढ्यान्‌पिढ्या वाढलो, त्यांच्या पाड्यांवरही निरोप जावा. रक्तक्षय प्रत्येक वेळी लोहाच्या अभावानेच होतो असे नाही. आपल्या जिल्ह्यातील आदिवासी बांधवांत सिकलसेल हा आनुवंशिक विकारही आढळतो आणि तेथे उपचार निराळा लागतो. म्हणून मोजणी आणि सल्ला दोन्ही जाणत्याच्या हातून व्हावेत. प्रत्येक घराने एक लहान वही ठेवावी आणि तीत घरातील प्रत्येक लेकीसुनेचा आकडा तारखेसह लिहावा. सोन्याचे तोळे आपण वहीत लिहितो. रक्ताचे ग्रॅमही लिहू या.

पारोळच्या त्या मातेचे नाव आपल्यापैकी कोणास ठाऊक नाही. तिच्या मृत्यूने चार तरुणांस एक प्रश्न दिला आणि त्या प्रश्नापायी त्यांनी सुखाच्या नोकऱ्या सोडून बत्तीस अपयशे पचविली. असा प्रश्न आपल्या मुलांच्या मनात उठण्यास दुसरी माता दगावण्याची वाट पाहावी लागू नये. जी मुलगी आज शिकू म्हणते, तिला शिकू द्यावे; आणि जी सून आज दम लागतो म्हणते, तिचे रक्त उद्याच मोजून घ्यावे.